ग्लिवित्सेचा रेडिओ मनोरा: फोटो कमी काढा, आत जास्त वेळ द्या

आधी टॅक्सीचं सांगतो, तो राग अजून गेलेला नाही. ग्लिवित्से (आज पोलंडमध्ये, १९३९ मध्ये जर्मनीत) स्टेशनबाहेर एकाने "मनोरा गावाबाहेर आहे, लांब पडेल" म्हणून ६० झ्लोटी घेतले. अंतर निघालं जेमतेम दोन-अडीच किलोमीटर! परत येताना मी ते पायी कापलं. तार्नोगुर्स्का रस्त्यावर ट्रकची अखंड घरघर, वरून पाऊस, बूट आतपर्यंत ओले. तरीही सांगतो, चालत जा किंवा बस पकडा. टॅक्सी अजिबात नको. बर्लिनचे दोन दिवस आणि कातोवित्सेहूनची ट्रेन, दोन्ही विनात्रास झालं.

दुसरी फसगत म्हणजे, मनोऱ्यावर चढता येतं असं वाचून गेलो होतो. चढता येत नाही. १९३५ चा हा मनोरा सुमारे १११ मीटर उंच, सगळा लार्चच्या लाकडाचा, सांध्यांना पितळी बोल्ट. खालून बघताना मान अवघडते. दहा मिनिटं पुरेत.

जीव गुंततो तो खालच्या रेडिओ केंद्राच्या इमारतीत. ३१ ऑगस्ट १९३९ ला रात्री आठच्या सुमारास एसएस या नाझी संघटनेची माणसं, आल्फ्रेड नाउयॉक्स या अधिकाऱ्याच्या हाताखाली, इथे घुसली. पोलिश लोकांनी हे जर्मन केंद्र ताब्यात घेतलंय असं भासवायचं होतं. पण इथे स्टुडिओच नव्हता, ब्रेसलाउ (आजचं व्रोत्स्वाफ) शहरातल्या केंद्राचं प्रसारण नुसतं पुढे सोडलं जाई. शोधाशोध करून हाती लागला वादळाचा मायक्रोफोन, विजा कडाडू लागल्या की श्रोत्यांना सूचना देण्यासाठी ठेवलेला. त्यावरून पोलिशमधले थोडे शब्द गेले, तेही फार लांब नाही. ते अख्ख्या युरोपने ऐकलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो! काम केलं ते नंतरच्या बातमीने. त्याच रात्री जर्मन रेडिओने 'पोलिश हल्ला' देशभर पोचवला आणि पहाटे दुसरं महायुद्ध सुरू झालं. पुरावा म्हणून एसएसच्या माणसांनी इथे एक प्रेत टाकलं. फ्रान्सिशेक होनियोक. आदल्या दिवशी त्याला पकडून आणलं होतं. त्या खोलीत हे नाव माहीत असताना उभे राहा, म्हणून इथे लिहितोय.

बर्लिनला एका संग्रहालयात पाहिलेला रेडिओ मला तिथे आठवला. नाझी राजवटीतला १९३३ चा 'लोकरेडिओ' ७६ मार्कांचा, १९३८ चा छोटा ३५ मार्कांचा, म्हणजे साध्या घरालाही परवडावा असा. आणि युद्ध लागल्यावर त्याच्या बटणाला अडकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी: परदेशी केंद्र ऐकणं हा गुन्हा आहे. १ सप्टेंबर १९३९ चा हुकूमच होता तसा. केंद्र बदलायला हात गेला की बोटाला आधी ती चिठ्ठी लागणार. खोटं ताडून बघायची वाटच बंद.

म्हणून क्रम हाच ठेवा: आधी बर्लिनचा रेडिओ, मग ग्लिवित्से. उलट गेलात तर इथला मायक्रोफोन नुसती एक जुनी वस्तू वाटेल. दीड तास हाताशी ठेवा, सुटीचा वार आधी बघून घ्या, आणि पावसाळी जाकीट बॅगेत तळाशी कोंबू नका, वर ठेवा.