टेप महापेत, हक्क नौपाड्यात

दोन माध्यम कंपन्या एकत्र येतात तेव्हा पेपरात हस्तांदोलनाचा फोटो येतो. आमच्याकडे टेम्पो येतो.

नवी मुंबईत महापेच्या एमआयडीसीत आमचं गोदाम आहे. बाहेरून पाहिलं तर शेजारच्या कारखान्याचाच भाग वाटावा. आत एसी चोवीस तास, भिंतीवर दमटपणा मोजायचं यंत्र आणि रॅकवर जुन्या बीटा टेप, म्हणजे वाहिन्या वापरायच्या त्या व्हिडिओ कॅसेट, पुस्तकांसारख्या उभ्या. वाहिन्यांच्या टेप सांभाळायच्या, डेकवर, म्हणजे टेप वाजवायच्या यंत्रावर, लावून संगणकात घ्यायच्या, कुठल्या टेपवर काय आहे याची यादी ठेवायची. पंधरा वर्षं मी हेच करतेय. घरी विचारतात, तू टीव्हीत आहेस ना? मी हो म्हणते.

तर २०२३च्या दिवाळीनंतर असाच एक टेम्पो आला. आमच्या एका ग्राहक कंपनीचं मोठ्या कंपनीत विलीनीकरण चाललं होतं. नावं सांगत नाही, तशी लेखी हमी दिलेली आहे. या ग्राहकानं कधीकाळी एक छोटी मराठी वाहिनी विकत घेतली होती. ती पुढे बंद पडली आणि तिच्या टेप भिवंडीच्या कुठल्याशा गाळ्यात पडून राहिल्या. आता कराराला मालमत्तेची यादी जोडायची, म्हणून त्या आमच्याकडे.

एक टेप हातात घेतली. डब्यावर लेबलावर लेबल अशी तीन लेबलं. वरचं छापील, बारकोडवालं. त्याखाली आधीच्या कंपनीचं. नखानं तेही उचललं तर तळाशी निळ्या बॉलपेननं लिहिलेलं: भाग ४, वासुदेव, २२ मिनिटं, आणि कोपऱ्यात ‘आवाज डावीकडे’. पहिल्या दोन लेबलांवर फक्त आकडे होते. टेपमध्ये काय आहे हे एका बॉलपेनलाच ठाऊक.

लोककलांवरची ती तेरा भागांची मालिका होती, २००१ सालची. वासुदेव, पोतराज, भारूड, दशावतार. चौथा भाग डेकवर लावला. आधी रंगीत पट्टे आणि शिट्टीसारखा तो सूर, मग पडदा दाणेदार झाला. रिळावर बुरशी होती. डेकवरच्या दादांनी टेप काढली, हेड अल्कोहोलनं पुसलं, पुन्हा लावली. चौथ्या खेपेला मोरपिसांची टोपी घातलेला एक म्हातारा वासुदेव दिसला. मागे धुकं, एक बैलगाडी, एक कुत्रं. दादा म्हणाले, “मॅडम, सेटवरची पहाट नाही ही.” आम्ही बावीसच्या बावीस मिनिटं पाहिली. एरवी कोणी बघत बसत नाही, वेग वाढवून पुढे ढकलतात.

यादीत प्रत्येक कार्यक्रमापुढे एक रंग भरायचा होता. हक्कांचे कागद पूर्ण असतील तर हिरवा, करार आहे पण मोबाइल, ओटीटी यांचा उल्लेख नाही तर पिवळा, कागदच नाही तर लाल. लाल ओळी नव्या कंपनीकडे जाणार नव्हत्या. त्या टेप संगणकात घ्यायला पैसेही मंजूर नव्हते. ही मालिका लाल. वर तेरापैकी बाराच टेप, अकरावी गायब.

अशा मालिका आगीत किंवा पुरात गेल्या असं आपल्याला वाटतं. माझ्या डोळ्यांदेखत गेल्या त्या बहुतेक एक्सेलच्या रकान्यात गेल्या.

पहिल्या डब्यात घडी घातलेला एक कागद सापडला, त्यावर निर्मात्याचा ठाण्याचा फोन नंबर. सात आकडी, म्हणजे जुना! आधी २ लावून फिरवला. तिसऱ्या घंटेला एका बाईंनी उचलला. मालिकेचं नाव सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, “ते जाऊन नऊ वर्षं झाली. पण तू ये. सोमवारी सुट्टी आहे, मुलगा घरी असेल.”

तो सोमवार म्हणजे २२ जानेवारी २०२४. अयोध्येतल्या सोहळ्यासाठी राज्यात सार्वजनिक सुट्टी होती. घणसोलीला ठाणे लोकल पकडली. दिघा गाव हे नवं कोरं स्थानक दहाच दिवसांपूर्वी सुरू झालेलं, दारातले दोघं उतरून फलकासमोर सेल्फी काढत होते. गाडीतच मोबाइलवर बातमी आली: सोनीनं झीबरोबरचा विलीनीकरणाचा करार मोडला.

आमच्या धंद्यातल्या माणसाला ही बातमी म्हणजे साखरपुडा होऊन दोन वर्षांनी लग्न मोडल्यासारखी. डिसेंबर २०२१मध्ये करारावर सह्या झालेल्या. स्पर्धा आयोगानं मंजुरी देताना बिग मॅजिक, झी अॅक्शन आणि झी क्लासिक या वाहिन्या विकायची अट घातलेली, तीही मान्य झालेली. ऑगस्ट २०२३मध्ये कंपनी न्यायाधिकरणानं होकार दिलेला. आणि घोडं अडलं ते एकत्र झालेल्या कंपनीच्या प्रमुखपदी कोण बसणार यावर, असं छापून येत होतं. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तेव्हा झीचा शेअर तीस टक्क्यांच्या आसपास कोसळला. मला मात्र गाडीत वेगळाच प्रश्न पडला होता. त्या दोन वर्षांत किती जणांनी किती याद्या केल्या असतील, किती रंग भरले असतील?

ऑफिसच्या ग्रुपवर एकच कालवा. आपलंही फिसकटलं तर बिल कोण देणार? दादांचा संदेश निराळा होता. त्यांचा मेहुणा घोडबंदर रोडच्या सेटवर लाइटचं काम करतो. “एका दारात नाही म्हटलं की दुसरं ठोठावता येतं. दोन्ही दारांमागे एकच माणूस बसला तर काय करायचं? मोडलं ते बरंच झालं.” मोठमोठे अहवाल वाचलेत मी, पण निर्मात्याची भीती इतक्या थोडक्यात कुठे सापडली नाही.

नौपाड्यात गल्लोगल्ली भगव्या पताका, स्पीकरवर रामाची गाणी. काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर, जुन्या चाळवजा इमारतीत. पोहे झाले, चहा झाला. मग मुलानं पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. “मालिका आता कुठल्या कंपनीकडे म्हणालीस?” काकूंनी विचारलं. मी सांगितलं, ज्या वाहिनीला काकांनी मालिका दिली ती दुसरीनं घेतली, आता दुसरी तिसरीत चालली आहे.

“म्हणजे मुलगी दोनदा सासरी गेली,” काकू म्हणाल्या. “आणि रुखवत?”

“रुखवताचीच यादी करतेय.”

ट्रंकेत पावत्या, फिल्मसिटीचे पास, तमाशा कलावंतांना दिलेल्या मानधनाची वही. वहीत रेव्हेन्यू स्टॅम्पवर अंगठे उमटलेले. आणि तळाशी करार. स्टॅम्प पेपर, मराठी टंकलेखन, दोन्ही बाजूंच्या सह्या. मी उभ्यानंच वाचायला लागले. मालिका काकांनी स्वतःच्या पैशानं काढली होती, काकूंच्या बांगड्या मोडून, हे नंतर कळलं. वाहिनीला दिले होते ते फक्त उपग्रह प्रक्षेपणाचे हक्क. मुदतीच्या जागी टिंबं टिंबं, ती भरायची राहून गेलेली.

इथे थोडं कायद्याचं सांगते. वाहिनीनं पैसे देऊन मालिका करून घेतली असती तर गोष्ट वेगळी होती, मग एरवी मालकी तिचीच. पण इथे निर्माता मालक आणि त्यानं हक्क लिहून दिलेले. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९मध्ये आहे की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे २००६ सालीच हक्क या ट्रंकेत परत आले होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. टेप आमच्या रॅकवर, हक्क पलंगाखाली. एकाशिवाय दुसऱ्याला चार आण्याची किंमत नाही.

जिन्यात येऊन ऑफिसला फोन लावला. सर म्हणाले, “उत्तम! तुझ्या बॅगेत फॉर्म आहे ना? पाच हजार सांग आणि सही घे. लाल ओळ हिरवी होऊन जाईल.” फॉर्म बॅगेत होताच. एक पान: आज असलेल्या आणि उद्या येणाऱ्या सर्व माध्यमांतले, जगभरातले, कायमचे हक्क. सर वाईट माणूस नाहीत. त्यांना ३१ तारखेला यादी द्यायची होती. आणि सही झाली असती तर मालिका वाचली असती, हेही खरंच होतं. तो म्हातारा वासुदेव कुठल्या तरी अॅपवर, मुलाखती आणि क्रिकेटच्या खाली का होईना, दिसला असता.

आत आले तर काकू चष्मा लावून करारच वाचत होत्या. “मग आता ही कोणाची गं?”

“काकू, मी वकील नाही. पण मला वाटतं तुमचीच. सही करण्याआधी कोणाला तरी दाखवा.”

फॉर्म मी बाहेर काढलाच नाही. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, मी कोणाच्या बाजूची हे त्याला कळेना. मलाही धड कळत नव्हतं.

निघताना काकूंनी कपाटातून एक व्हीएचएस आणली. अकरावा भाग. टीव्हीवरूनच रेकॉर्ड केलेला, जाहिरातींसकट, कोपऱ्यात त्या बंद पडलेल्या वाहिनीचा लोगो. “यात ते स्वतः दिसतात, दोन मिनिटं. म्हणून ठेवली.” देऊ करत होत्या, मी घेतली नाही. आमच्याकडे आली असती तर तिच्यावरही लेबल लागलं असतं.

सर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. ३१ तारखेला यादी गेली, ती ओळ वगळून. ग्राहकाचं विलीनीकरण मात्र सुखरूप पार पडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिलायन्स आणि डिस्नेचंही पूर्ण झालं, सत्तर हजार कोटींच्या वरचं. एकेकाळच्या ईटीव्ही मराठीची झालेली कलर्स मराठी आणि तिची प्रतिस्पर्धी स्टार प्रवाह एका घरात आल्या. दादांनी ती बातमी मला नुसतीच पाठवली, खाली काही लिहिलं नाही.

काकूंच्या वकिलाचं पत्र नव्या कंपनीकडे गेलंय. जुनी म्हणते आता नवीला विचारा, नवी म्हणते आमच्या यादीत असं काही नाहीच. त्यामुळे बारा टेप सातव्या रॅकवर तळाच्या फळीवर आहेत, कोणाच्याच नाहीत. पावसाळ्यात मी त्यांच्याजवळ सिलिका जेलच्या पुड्या जास्त ठेवते, त्या कुठल्या बिलात लावायच्या हा प्रश्न आहे.

महिन्या-दोन महिन्यांनी काकूंचा फोन येतो, त्याच लँडलाइनवरून.

“अगं, आहेत ना?”

“आहेत काकू.”

“बरं,” म्हणतात आणि ठेवतात.