आजीची पिशवी संग्रहालयात देताना

आजी जाऊन बरीच वर्षं झाली तरी तिची पिशवी माळ्यावरच होती. आजी प्रशिक्षित सुईण होती. जवळजवळ चाळीस वर्षं तिने घरोघरी जाऊन बाळंतपणं केली आणि प्रत्येकाची नोंद वहीत ठेवली. अशा अकरा वह्या. शिवाय पिशवीत बाळाचं वजन करायचा स्प्रिंगचा काटा, एनॅमलचा ट्रे, कात्री, थर्मामीटर, काचेच्या दोन बाटल्या आणि लाकडाची दोन नरसाळी. घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा भाऊ म्हणाला, "भंगारात नको घालूस. इतिहास मंडळाच्या संग्रहालयात देऊन टाक." मला वाटलं, एका दुपारचं काम. पिशवी न्यायची, ठेवायची, आभाराचं पत्र घ्यायचं, घरी यायचं.

सव्वा वर्ष लागलं.

पहिली चूक मी घरीच केली. द्यायची वस्तू नीटनेटकी असावी म्हणून ट्रे घासला, काट्याचं पितळ लखलखीत केलं आणि वह्यांची फाटकी पानं सेलोटेपने चिकटवली. वर पांढरे सुती हातमोजेही विकत आणले. जुन्या वह्या हाताळताना ते घालतात असं सिनेमात पाहिलं होतं.

फोन केला तर पलीकडून पहिलंच वाक्य, "सामान आणू नका. आधी यादी आणि फोटो पाठवा." थोडा राग आला. फुकट देतेय, तर हे नखरे कसले? कारण नंतर कळलं. लोक दाराशी खोकी ठेवून निघून जातात. कोणाचं, कुठलं, द्यायचा अधिकार कोणाला, कसलाच कागद नाही. मग ते खोकं संग्रहालयाला धड ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही. त्यांच्या एका कपाटात अशीच बेवारस खोकी पडून होती.

यादी बघून त्यांनी बोलावलं. टेबलावर मऊ फोमच्या उशा आणि फक्त पेन्सिली होत्या. पेनला तिथे बंदी. मी ऐटीत हातमोजे बाहेर काढले, तशा संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटर मॅडम म्हणाल्या, "ते राहू द्या. बेसिनवर हात साबणाने धुऊन कोरडे करून या." कागदाला सुती मोजे उलट वाईट. बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि ठिसूळ कड सुतात अडकून फाटते. मोजे लागतात ते धातूला आणि फोटोंना, तेही नायट्राइल या कृत्रिम रबराचे.

मॅडमनी पहिली वही उशीवर ठेवली, पान उलटलं आणि थांबल्या.

"हा टेप कधी लावलात?"

"गेल्या रविवारी."

"रविवारी ना? बरं झालं," असं म्हणून त्यांनी खरोखरच सुटकेचा श्वास टाकला. टेपचा डिंक वर्षानुवर्षं कागदात मुरत जातो, पिवळा मग तपकिरी होतो. वरची पट्टी कधीतरी गळून पडते, डाग मात्र कायमचा. काढायला द्रावण वापरावं तर शाई फुटते. माझा टेप आठवड्याचाच होता, त्यामुळे निघण्यासारखा होता. काट्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "आजी जिथे धरायच्या तिथे काळपट डाग होते का?" होते की! मीच तर ते घासून घासून काढले होते.

पिशवी त्यांच्याकडे राहिली आणि माझ्या हातात तात्पुरती पावती आली. तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की वस्तू फक्त तपासणीसाठी ठेवून घेतल्या आहेत, स्वीकारलेल्या नाहीत.

स्वीकारायचं की नाही ते समिती ठरवते आणि समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. निकाल आला: वह्या अकरा, काटा एक, पिशवी एक, नरसाळं एक. बाकी सगळं परत. ट्रे त्यांच्याकडे आधीच चार होते. थर्मामीटरमध्ये पारा. बाटल्यांच्या तळाशी काहीतरी सुकलेलं, ते काय आहे हे कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या नरसाळ्याला तडा गेलेला. कारणं रास्तच होती. तरी ते पत्र वाचताना आजीलाच कोणीतरी निवडून अर्धी परत पाठवल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

पुढे दानपत्र. त्यात मालकी हस्तांतरित होते, मजकुराचे हक्कही द्यायचे की ठेवायचे ते लिहावं लागतं आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. मी एक अट घालू पाहिली, की वस्तू कायम प्रदर्शनात असाव्यात. ती त्यांनी सरळ खोडली. तेव्हा मॅडमनी एक आकडा सांगितला. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या असतात सुमारे ८० हजार, म्हणजे शंभरातली एक. बाकीच्या कोठारात, अभ्यासासाठी. "कोठारात असणं म्हणजे अडगळीत असणं नव्हे," त्या म्हणाल्या. माळ्यावर वीस वर्षं ठेवणारी मी, मला तर बोलायला तोंडच नव्हतं.

सह्यांसाठी आत्याकडे गेले आणि तिथेच खरा पेच समोर आला. आत्याने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "अगं, आईच्या वह्यांत कोणाकोणाचं काय काय लिहिलंय ते वाचलंयस का तू?"

वाचलं नव्हतं. चाळलं होतं. त्या रात्री मॅडमनी दिलेल्या फोटोप्रती घेऊन बसले. नाव, पत्ता, वेळ, वजन, कितवं मूल. आणि मध्येच एखादी ओळ: वडिलांचं नाव सांगितलं नाही. मूल तिसऱ्या दिवशी गेलं. बाईच्या पाठीवर वळ. आजीने हे स्वतःसाठी लिहिलं होतं. त्यातली किती तरी माणसं आजही हयात असतील.

माझा बेत होता की सगळं स्कॅन करून इंटरनेटवर टाकावं, म्हणजे सगळ्यांना उपयोग. मंडळाने ठाम नकार दिला. मी वाद घातला. इतिहास लोकांचा आहे वगैरे बोलले. मॅडम म्हणाल्या, "ज्या बाईने नाव सांगितलं नाही, ती पण लोकांतच येते ना?" शेवटी दानपत्राला पुरवणी जोडली. मूळ वह्या ठरावीक वर्षं बंद राहतील. आपली किंवा आपल्या जवळच्या नातेवाइकाची नोंद हवी असेल त्याने ओळख पटवावी, मग तेवढीच ओळ दाखवली जाईल. आत्याने पुरवणी दोनदा वाचली आणि सही केली.

नोंदणीचा भाग मला सगळ्यात आवडला. पिशवी आधी प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली. कापडात आणि चामड्यात किडीची अंडी असली तर मरतात. (घरी सांगितलं की आजीची पिशवी सध्या फ्रीजरमध्ये आहे, तर भावाला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय.) मग प्रत्येक वस्तूला क्रमांक. आधी वर्ष, मग त्या वर्षातलं कितवं दान, मग वस्तू. आजीच्या वस्तूंना १ ते १४. वह्यांवर तो मऊ पेन्सिलने लिहितात आणि पिशवीवर सुती पट्टीला लिहून ती पट्टी चार टाक्यांत शिवतात. काट्यावर आधी पारदर्शक राळेचा थर, त्यावर शाई, वरून पुन्हा थर. उद्या पुसायचं ठरलं तर मूळ धातूला न दुखवता पुसता आलं पाहिजे, हा नियम. मी माझा सेलोटेप आठवून गप्प बसले.

त्यानंतर माझी आणि आत्याची मुलाखत रेकॉर्ड केली. मला वाटलं आजीचा स्वभाव, सेवाभाव असं काही विचारतील. त्यांचे प्रश्न वेगळेच. पिशवी कुठल्या खांद्याला? रात्री बोलावणं आलं तर दार कोण उघडायचं? परत आल्यावर पहिलं काय करायच्या? आत्याला सगळं आठवत होतं. आजी आल्या आल्या कोणाशी न बोलता कात्री आणि ट्रे उकळायला ठेवायची आणि ते पाणी उकळेपर्यंत उभ्याउभ्या वही लिहायची. म्हणूनच तिचं अक्षर असं तिरकं. मी इतकी वर्षं समजत होते की तिचं अक्षरच वाईट.

प्रदर्शन मांडलं ते छोटंसं, तीन महिन्यांचं. एक वही उघडी ठेवली, मुद्दाम मंद अशा ५० लक्स उजेडात (लक्स हे उजेडाचं माप). ऑफिसच्या टेबलावर साधारण ५०० लक्स असतो, म्हणजे त्याचा दहावा भाग. पान नावांचं नव्हतंच. शेवटचं, जिथे ती गॉझ, स्पिरिट आणि दोऱ्याचा हिशेब लिहायची. पण गर्दी व्हायची ती जमिनीवरच्या नकाशापाशी. वह्यांतले पत्ते घेऊन, नावं वगळून, त्यांनी परिसराचा मोठा नकाशा अंथरला होता. जिथे जिथे आजी गेली त्या जागी ठिपका. कल्पना दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियमवरून घेतल्याचं त्यांनी फलकावर लिहिलं होतं. तिथल्या वर्णद्वेषी सरकारने १९६६ मध्ये तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला, साठ हजारांवर माणसांना हुसकावलं, घरं पाडली. १९९४ मध्ये तिथल्या एका चर्चमध्ये संग्रहालय उघडलं आणि जमिनीवर जुन्या रस्त्यांचा नकाशा अंथरला. घालवलेल्या लोकांनी येऊन त्यावर आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली. आमच्या नकाशामागे तसं दुःख नव्हतं. तरी म्हातारी माणसं चप्पल काढून वाकत आणि एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवत.

या सगळ्यात मी तिथे स्वयंसेवक कधी झाले ते नेमकं सांगता येणार नाही. शाळेच्या सहली यायच्या आणि आजीबद्दल बोलायला कोणीतरी हवं होतं एवढंच. माझा पहिला तास म्हणजे फजिती. पाठ केलेलं पंचवीस मिनिटं बोलले. शेवटी "काही प्रश्न?" म्हटल्यावर एकच हात वर आला. त्या मुलाला बाथरूमला जायचं होतं.

मग मला रीतसर प्रशिक्षणाला बसवलं. तिथे तीन प्रश्न शिकवले. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन आणि संग्रहालयात शिक्षणाचं काम करणारे फिलिप येनावाइन यांनी ते चित्रं बघण्यासाठी बसवले होते. इथे काय चाललंय? असं कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? बस्स. माहिती नंतर, मुलांनी मागितली तर. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया भागातल्या संग्रहालयाचीही गोष्ट सांगितली. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेने १९६७ मध्ये ते एका जुन्या सिनेमागृहात उघडलं. संचालक जॉन किनार्ड यांनी वस्तीतल्या लोकांना खरोखर कशाचा त्रास आहे ते ऐकून घेतलं. उत्तर होतं उंदीर. १९६९ मध्ये त्यांनी उंदरांवरच प्रदर्शन भरवलं. मला ही गोष्ट फार आवडली. आपण काय दाखवणार याआधी त्यांना काय छळतंय हे विचारायचं, हे मला आजवर सुचलंच नव्हतं.

पुढच्या तासाला मी काही न बोलता ते तडा गेलेलं नरसाळं मुलांच्या हातात दिलं. नाकारलेलं तेच. समितीने ते संग्रहात घेतलं नव्हतं, म्हणून त्याला क्रमांक नव्हता आणि म्हणूनच ते मुलांना हाताळायला द्यायच्या वस्तूंच्या पेटीत टाकता आलं. स्वीकारलेलं नरसाळं काचेमागे, हे मात्र रोज तीस हातांतून फिरतं. भोंगा, मेणबत्तीचा स्टँड, खेळण्यातली बुद्धिबळाची सोंगटी, असे अंदाज झाले. "कशावरून?" "भोक आरपार आहे ना." मग एका मुलीने रुंद तोंड शेजारणीच्या पाठीला लावलं, दुसऱ्या टोकाला कान दिला आणि ओरडली, "वाजतंय!"

तेव्हा मी सांगितलं. पिनार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ मध्ये हे केलं. आईच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचे. वीज नको, बॅटरी नको. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०. आम्ही घड्याळ लावून टेबलावर बोटांनी १४० वाजवून पाहिले. अर्ध्या मिनिटात मुलं दमली आणि हसायला लागली. कोणीतरी विचारलं, "आणि ठोके ऐकू आले नाहीत तर आजी काय करायची?" सगळा वर्ग गप्प झाला. त्या तासाला माझं पाठ केलेलं काहीच लागलं नाही.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले. सत्तरीच्या पुढचे, हातात आईचं नाव आणि जुना पत्ता लिहिलेला कागद. सगळ्या कागदपत्रांवर त्यांची जन्मतारीख एक जूनच होती, शाळेत घालताना कोणीतरी ठरवलेली. खरी हवी होती. मॅडमनी ओळखपत्र पाहिलं, सातवी वही आणली आणि वरखालच्या ओळी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांनी झाकून एकच ओळ उघडी ठेवली. तारीख नोव्हेंबरची होती. वेळ पहाटे तीन. वजन साडेपाच पौंड. आणि शेवटी आजीच्या तिरक्या अक्षरात दोन शब्द: आवाज मोठा.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. शेजारच्या टेबलावर वाचत बसलेल्या दोघांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "अजूनही तसाच आहे हो."