एका विजयाचा फरक

सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने २०१०, २०१२ आणि २०१४ अशी पाच वर्षांत तीनदा वर्ल्ड सिरीज जिंकली आणि त्या तिन्ही वेळी मी याच परिसरात राहत होते. तरीही या संघाचा तुमचा सर्वांत आवडता मोसम कोणता, असे कोणी विचारले, की मी २०२१ हे वर्ष सांगते. त्या वर्षी जायंट्सनी नॅशनल लीगचा पश्चिम विभाग जिंकला आणि पुढच्याच मालिकेत ते हरले. त्यामुळे माझ्या उत्तरानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: ‘तीन वर्षे करंडक मिळाला, ती सोडून तुम्ही हरलेले वर्ष का धरून बसलात?’ मंडळाच्या दिवाळीत, कार्यालयात, पुण्याहून शिकायला आलेल्या भाच्याच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

विभाग जिंकणे म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल स्पर्धेत तीस संघ दोन लीगमध्ये आणि प्रत्येक लीगमधील पंधरा संघ तीन विभागांत वाटलेले असतात. साधारण मार्चअखेर-एप्रिलपासून सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. सहा महिन्यांच्या अखेरीस आपल्या विभागातील पाच संघांत ज्याचे विजय सर्वाधिक, तो विभागाचा विजेता. त्यानंतर बाद फेऱ्यांच्या छोट्या मालिका होतात आणि त्यांतून अखेरीस वर्ल्ड सिरीजचा विजेता ठरतो.

मी हे सांगलीला फोनवर बाबांना समजावले, तेव्हा त्यांना रणजी करंडकाची जुनी पद्धत आठवली. त्यांच्या तरुणपणी पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र असे पाचच संघ असत आणि महाराष्ट्राच्या पाठीराख्यांचे एकच दुःख असे, की मुंबई नेमकी आपल्याच विभागात आहे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे तो करंडक मुंबईकडेच राहिला. ‘म्हणजे मग तुमची मुंबई कोण?’ असे बाबांनी विचारले आणि त्या एका प्रश्नात त्यांना सगळे समजले आहे हे माझ्या लक्षात आले.

आमची मुंबई म्हणजे लॉस एंजेलिस डॉजर्स. हे दोन्ही संघ मूळचे न्यूयॉर्कचे; १९५८ साली दोघेही कॅलिफोर्नियात आले आणि येताना आपले वैरही घेऊन आले. २०१३ पासून २०२० पर्यंत सलग आठ वर्षे हा विभाग डॉजर्सनी जिंकला होता आणि २०२० ची वर्ल्ड सिरीजही त्यांचीच होती. त्याच वर्षीच्या, कोरोनाच्या साथीमुळे छोट्या झालेल्या मोसमात जायंट्सनी २९ सामने जिंकले आणि ३१ गमावले. २०२१ चा मोसम सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या बहुतेक अंदाजांत जायंट्स निम्म्याहून कमी सामने जिंकतील असे म्हटले होते आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. संघाचा कणा असलेले खेळाडू वयाने थकत चालले होते. कॅचर (म्हणजे यष्टिरक्षकासारखा) बस्टर पोझी आणि शॉर्टस्टॉपच्या जागी क्षेत्ररक्षण करणारा ब्रँडन क्रॉफर्ड दोघेही चौतिशीत होते, इव्हान लाँगोरिया पस्तिशीत, ब्रँडन बेल्ट तेहतिशीत. पोझीने तर दत्तक घेतलेल्या, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या जुळ्या मुलींच्या जिवाला साथीत धोका नको म्हणून आधीचे पूर्ण वर्ष मैदानाबाहेर काढले होते.

या संघाची बांधणी करणारे फरहान झैदी यांच्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. पाकिस्तानी कुटुंबात कॅनडात जन्मलेले, मनिलात वाढलेले आणि बर्कलीच्या विद्यापीठात अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेले हे गृहस्थ २०१८ च्या अखेरीस जायंट्सकडे आले ते थेट डॉजर्सच्या व्यवस्थापनातून. मोठ्या किमतीचे तारे विकत घेण्याऐवजी त्यांनी दुसऱ्या संघांना नकोसे झालेले खेळाडू गोळा केले आणि व्यवस्थापक गेब कॅपलर यांनी त्यांतल्या प्रत्येकाला नेमक्या वेळी मैदानात उतरवले. समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डावखुरा की उजवा हे पाहून सामन्याच्या मध्यावर फलंदाज बदलायचा, हा त्यांचा रोजचा क्रम होता. बदली म्हणून आलेल्या फलंदाजांनी त्या मोसमात १८ होम रन मारले आणि एका मोसमातला तो मेजर लीगमधील विक्रम ठरला. थंड बसून असलेल्या माणसाने अचानक उठून, पहिल्याच संधीत, ताज्या दमाच्या पिचरचा चेंडू भिंतीपलीकडे धाडणे किती अवघड असते, हे ज्याने हा खेळ पाहिला आहे त्यालाच कळेल. पूर्ण संघाचे होम रन २४१ झाले, तोही या संघाच्या इतिहासातील विक्रमच.

मात्र माझ्या उत्तराचा गाभा या विक्रमांत नाही, तो मोसमाच्या शेवटच्या हिशेबात आहे. जायंट्सनी १०७ सामने जिंकले, १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये असताना केलेला १०६ चा आपला विक्रम मोडला. आणि डॉजर्सनी १०६ जिंकले. इतके विजय मिळवूनही विभागात दुसरा राहिलेला संघ त्याआधी कधी झाला नव्हता. फरक फक्त एका विजयाचा. जायंट्सनी दुसऱ्या कोणत्याही संघाविरुद्ध आणखी एक सामना गमावला असता, तर दोन्ही संघ बरोबरीत येऊन १६३ वा सामना खेळावा लागला असता. आणि डॉजर्सविरुद्ध जिंकलेल्या दहा सामन्यांपैकी एकही उलटला असता, तर विभागच त्यांचा झाला असता. त्यामुळे त्या मोसमातल्या १०७ विजयांपैकी कोणत्याही एकाकडे बोट दाखवून ‘याच सामन्याने विभाग जिंकून दिला’ असे म्हणता येते आणि ते अक्षरशः खरे असते.

मी नेहमी दोन सामन्यांकडे बोट दाखवते. पहिला २८ मे रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. नवव्या, म्हणजे ठरलेल्या शेवटच्या डावात डॉजर्सनी बरोबरी साधलेली असताना त्यांच्या आल्बर्ट पुहोल्सने डाव्या बाजूला उंच चेंडू मारला. तो भिंतीपलीकडे पडता तर सामना तिथेच संपत होता. जायंट्सच्या माइक टॉकमनने धावत जाऊन, भिंतीवर झेपावून तो चेंडू पलीकडून परत आणला आणि जायंट्सनी दहाव्या डावात सामना जिंकला. टॉकमन एप्रिलमध्येच न्यूयॉर्क यांकीजकडून आला होता, वर्षभर त्याची फलंदाजी फारशी चालली नाही आणि पुढच्या वर्षी तो कोरियात खेळायला गेला. ऑक्टोबरमध्ये विभाग जिंकल्याचा जल्लोष झाला तेव्हा त्याची आठवण काढणारे थोडेच होते; पण तो झेल सुटता, तर त्या जल्लोषाची वेळच आली नसती.

दुसरा सामना २२ जुलैचा, त्याच मैदानावरचा. नवव्या डावात जायंट्स एका धावेने मागे होते, तिन्ही बेस भरलेले, दोन गडी बाद, डॉजर्सचा केन्ली जॅन्सन चेंडू टाकत होता आणि समोर होता कोरियातूनच परतलेला डॅरिन रफ. निर्णायक चेंडूवर रफने बॅट उचलली आणि अर्ध्यावर रोखली. रोखली की फिरवली, हे पहिल्या बेसवरच्या अंपायरने ठरवायचे होते. फिरवली असे ते म्हणाले असते तर रफ बाद होऊन सामना संपला असता. त्यांनी रोखली असा निर्णय दिला, तो चौथा वाईट चेंडू ठरून रफला पहिला बेस मिळाला, भरलेल्या बेसवरचे सगळे एकेक पुढे सरकले आणि बरोबरीची धाव आली, डॉजर्सचे व्यवस्थापक संतापाने मैदानात आले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. मग लमाँट वेडच्या फटक्यावर आणखी दोन धावा आल्या. हा वेडही मिनेसोटाच्या संघाने देऊन टाकलेला खेळाडू. ऐन शेवटच्या डावात त्याने इतक्या वेळा संघाला वाचवले, की त्याला ‘लेट नाइट लमाँट’ असे नाव पडले.

त्या वर्षी मला भारतात जाता आले नाही. आमच्याकडचा संध्याकाळचा सामना सुरू होई तेव्हा सांगलीत सकाळचे सव्वासात वाजलेले असत आणि सामना संपेपर्यंत बाबांचा दुसरा चहा झालेला असे. मग फोनवर पहिला प्रश्न असे, ‘काय झाले?’ दुसरा, ‘त्यांचे काय झाले?’ मे महिन्यात दोन्हीकडे बोलायला दुसरे विषय नकोसे होते. रोजच्या सामन्याचे हे बोलणे आम्हा दोघांना किती आधाराचे होते, ते तेव्हा आम्ही एकमेकांना सांगितले नाही.

जुलैच्या अखेरीस डॉजर्सनी वॉशिंग्टनकडून मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर हे दोन अव्वल खेळाडू एकाच वेळी मिळवले. जायंट्सनी शिकागोहून क्रिस ब्रायंटला आणले. दोन्ही संघ इतके सातत्याने जिंकत राहिले, की आज आपण जिंकलो तरी अंतर तेवढेच, आणि हरलो तर जीव टांगणीला, असे आठवडेच्या आठवडे गेले. बाद फेरीतली जागा जायंट्सनी १३ सप्टेंबरला, सगळ्या संघांत सर्वांत आधी निश्चित केली. पण विभाग काही हाती येईना. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे विभागात दुसरा आलेल्या संघाला वाइल्ड कार्ड नावाच्या एकाच सामन्याच्या बाद लढतीतून जावे लागणार होते. सहा महिने शंभरावर विजय मिळवायचे आणि एका वाईट संध्याकाळी घरी जायचे, हा धोका दोघांपुढेही होता.

माझ्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी त्या दिवसांत सामन्याबद्दल बोलायलाच तयार नसत. १९९३ साली जायंट्सनी १०३ सामने जिंकले होते. तेव्हा पश्चिम विभागातच असलेल्या अटलांटाने १०४ जिंकले, वाइल्ड कार्ड अजून सुरू व्हायचे होते, त्यामुळे १०३ विजय मिळवलेला संघ सरळ घरी गेला. शेवटच्या दिवशी जायंट्स हरले होते डॉजर्सकडूनच, १२-१ असे. अठ्ठावीस वर्षांनंतरही ते आकडे त्यांना पाठ होते.

२०२१ चा शेवटचा दिवस ३ ऑक्टोबर, रविवार. आदल्या दिवशी सॅन डिएगोविरुद्ध दहाव्या डावात हरल्यामुळे सगळे त्या दिवसावर आले होते. मी सर्वांत वरच्या मजल्यावर बसले होते. खाली मैदान, पलीकडे खाडीत होड्या घेऊन होम रनच्या चेंडूंची वाट पाहणारे लोक. पिचर होता चोवीस वर्षांचा लोगन वेब. त्याने चेंडू तर उत्तम टाकलेच, शिवाय स्वतः फलंदाजीला येऊन कारकिर्दीतला पहिला होम रन मारला. पुढच्याच वर्षीपासून नॅशनल लीगमध्ये पिचरच्या जागी वेगळा फलंदाज खेळवण्याचा नियम आला, म्हणून तो होम रन आता मला आणखीनच मोलाचा वाटतो. जायंट्स ११-४ ने जिंकले. डॉजर्सही त्याच दिवशी जिंकले. म्हणजे आमचा तो १०७ वा विजय खरोखरच लागणार होता. मी सांगलीला फोन लावला तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजले होते आणि पहिल्याच घंटीला बाबांनी फोन उचलला.

पुढची मालिका वाइल्ड कार्डचा सामना जिंकून आलेल्या डॉजर्सशीच झाली. लीगमध्ये विभाग पाडले गेल्यापासूनच्या बाद फेऱ्यांत हे दोन संघ पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. पाच सामन्यांपैकी चार झाले तेव्हा वर्षभरातील दोघांचे विजय प्रत्येकी १०९ होते. पाचव्या सामन्यात १४ ऑक्टोबरच्या रात्री वेबने पुन्हा सात डाव अप्रतिम चेंडू टाकले, पण नवव्या डावात कोडी बेलिंजरच्या फटक्याने डॉजर्स २-१ असे पुढे गेले. जायंट्सचा शेवटचा फलंदाज होता विल्मर फ्लोरेस. शर्झरच्या चेंडूवर त्याने बॅट उचलली आणि अर्ध्यावर रोखली. पहिल्या बेसवरच्या अंपायरने ती फिरवली असा निर्णय दिला आणि मोसम संपला.

भारतात तेव्हा १५ ऑक्टोबरची सकाळ, दसऱ्याची. मी फोनवर बराच वेळ त्या निर्णयाबद्दल बोलत राहिले; तो चुकीचा होता असे मला आजही वाटते. बाबांनी ऐकून घेतले आणि मग म्हणाले, ‘जुलैत त्या रफला वाचवले होते, ते आपण चालवून घेतले होते ना?’ त्यावर मला बोलता आले नाही. छोट्या मालिकेत एक निर्णय सगळे संपवतो. १६२ सामन्यांच्या हिशेबात तोच निर्णय एका धाग्याइतका असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कष्टाने विणलेले दीडशेवर दिवस असतात. २०१४ साली जायंट्स ८८ सामने जिंकून, विभागात दुसरे येऊन विश्वविजेते झाले. २०२१ ची वर्ल्ड सिरीज अटलांटाने जिंकली, तीही ८८ च विजयांवर. त्या विजयांचा आनंद मी कमी लेखत नाही. २०१४ ची मिरवणूक मी मार्केट स्ट्रीटवर पावसातही पाहिली होती. परंतु टॉकमनचा झेल, रफची रोखलेली बॅट, बाकावरून उठून मारलेले ते अठरा होम रन, यांतले काहीही वाया गेले नाही असा मोसम मला एकच ठाऊक आहे. पोझी त्यानंतर तीन आठवड्यांनी निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी संघाने ८१ सामने जिंकले, ८१ गमावले.

२०२२ मध्ये मी सांगलीला गेले, तेव्हा स्वयंपाकघरात आदल्या वर्षीचे कालनिर्णय अजून खिळ्यालाच होते, नव्याच्या मागे. एप्रिलपासून प्रत्येक चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी बाबांनी पेन्सिलीने ‘जिं’ किंवा ‘ह’ लिहिले होते. ४ ऑक्टोबरच्या चौकोनात लिहिले आहे: ‘१ लि. – १०७, पहाटे चार.’