तुम्ही विचारलंत म्हणून : कोच घरचा की बाहेरचा?

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल मी मन लावून पाहतो हे कळलं की ओळखीतली मंडळी हमखास विचारतात, "क्लेम्सन विद्यापीठाकडे एवढा पैसा आहे, मग बाहेरून नावाजलेला कोच आणायचा सोडून हाताखालच्या असिस्टंटलाच बढती का देतात?"

द्यावीच, असं माझं मत आहे. फक्त त्या असिस्टंटला बाहेरून आलेल्या कुणीतरी घडवलेलं असावं आणि दोन मोठ्या जागा एकदम घरातूनच भरू नयेत.

साउथ कॅरोलायनातल्या क्लेम्सनचे हेड कोच डॅबो स्विनी स्वतः असेच वर आले. २००८ मध्ये टॉमी बाउडेन यांनी हंगाम अर्ध्यावर सोडला, तेव्हा स्विनी रिसीव्हर्सना (पास झेलणाऱ्या खेळाडूंना) शिकवत होते. डिसेंबर २०१४ मध्ये ऑफेन्सचे (चढाईचे) प्रमुख चॅड मॉरिस दुसरीकडे गेले आणि स्विनींनी ती जागा टोनी एलियट आणि जेफ स्कॉट यांना मिळून दिली. दोघेही क्लेम्सनचेच जुने खेळाडू.

ऑफेन्स चालवण्याचं हे काम फार कठीण असतं. दोन प्लेंच्या (चालींच्या) मध्ये ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. तेवढ्यात समोरच्या डिफेन्सची (बचावफळीची) मांडणी ओळखायची, प्ले निवडायचा, हेडसेटवर सांगायचा. मग तो क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे मैदानावर चाल सुरू करणाऱ्या खेळाडूपर्यंत, पोचायला हवा; २०२४ मध्ये हेल्मेटमधल्या रेडिओला परवानगी मिळेपर्यंत मैदानाच्या कडेची माणसं हातवारे करून तो पोचवत. एलियट शिकवत तसं रनिंग बॅकना (चेंडू घेऊन धावणाऱ्यांना) चांगलं शिकवता येतं म्हणून हे आपोआप जमत नाही. एलियटना जमलं, कारण ती सगळी घडी मॉरिस यांनी २०११ मध्ये टल्सा विद्यापीठातून येऊन बसवली होती आणि एलियट त्याच वर्षापासून त्यांच्या हाताखाली होते. शिवाय डिफेन्स सांभाळायला ब्रेंट व्हेनेबल्स होते, तेही ओक्लाहोमाहून आणलेले. एलियट-स्कॉट जोडीच्या पहिल्याच सामन्यात क्लेम्सननं ओक्लाहोमाला ४०-६ असं हरवलं. पुढे २०१६ आणि २०१८ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद.

डिसेंबर २०२१ मध्ये व्हेनेबल्स ओक्लाहोमाचे हेड कोच झाले, पाठोपाठ एलियट व्हर्जिनियाला गेले. शाळेतून येणारी मुलं कॉलेजच्या संघाशी करार करतात, तो सह्यांचा दिवस तोंडावर आलेला. अशा वेळी घरचा माणूस बरा वाटतो, कारण त्या मुलांच्या आईवडिलांशी आधीपासून बोलत आलेला तोच असतो. हे मलाही पटतं. पण स्विनींनी ऑफेन्स ब्रँडन स्ट्रीटरना आणि डिफेन्स वेस गुडविनना, अशा दोन्ही जागा आतूनच भरल्या. गुडविन तोवर व्हेनेबल्सना पडद्याआडून विश्लेषण करून देत. "आपण हे असंच का करतो?" असं विचारणारी नवी नजर कुठल्याच बाजूला उरली नाही.

२०२२ मध्ये कॉन्फरन्स (आपल्या गटाचं विजेतेपद) जिंकली, तरी हंगाम संपताच स्ट्रीटरना काढून टेक्सासच्या टीसीयू विद्यापीठातून गॅरेट रायली आणले. जानेवारी २०२५ मध्ये गुडविन गेले, पेन स्टेटहून टॉम ॲलन आले. मला विचाराल तर २०२१ मध्येच स्ट्रीटरना बढती देऊन डिफेन्ससाठी बाहेरचा माणूस शोधायला हवा होता.