तिसरा सेल

मीटरवर १०.८ व्होल्ट दिसले आणि मी बोलून मोकळा झालो, "गाडी बरेच दिवस बंद उभी होती ना? गॅस डिटेक्टर चालू राहतो, तोच बॅटरी संपवतो." मोटरहोमच्या राहत्या भागाच्या दोन हाऊस बॅटऱ्या, प्रत्येकी १०० अँपिअर-अवर, पॅरललमध्ये जोडलेल्या, चौदा महिने वापरलेल्या. विक्रेत्यानं फोनवर तेच सांगून वॉरंटी नाकारली होती.

गाडीच्या मालकीणबाईंनी एक वही पुढे केली. डिस्टिल्ड वॉटर घातल्याच्या तारखा, आणि दर महिन्याला चार्जर काढून रात्रभर थांबल्यावर मोजलेले व्होल्ट. शेवटच्या तीन नोंदी १२.७, १२.४, १२.०. म्हणजे गाडी चार्जरविना पडून नव्हती. मला स्वतःचाच राग आला. तार न सोडता निकाल दिला होता मी!

दोन्ही बॅटऱ्या सुट्या केल्या आणि वेगवेगळ्या चार्जिंगला लावल्या. पहिलीचे सहाही सेल (बॅटरीच्या आतले वेगवेगळे कप्पे) हळूहळू बुडबुडे देऊ लागले. दुसरीतला तिसरा सेल मात्र शांत होता. चार्जर काढून काही तास थांबलो, मग हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या आम्लाची घनता मोजणारी नळी, घेतला. चार्ज उतरला की हा आकडा खाली येतो. पहिलीत सगळीकडे १.२६० च्या आसपास. दुसरीत पाच सेल १.२५०, तिसरा १.१००.

बॅटरी उपाशी ठेवली, तर सल्फेशन, म्हणजे प्लेटांवर साचणारा सल्फेटचा थर, सगळ्याच सेलना धरतं आणि सहाही आकडे जवळपास सारखेच खाली येतात. पाणी सगळीकडे सारखं असताना एकच सेल इतका मागे पडला, तर दोष त्या सेलच्या आत असतो. आणि पॅरललमध्ये अशी बॅटरी शेजारच्या चांगल्या बॅटरीलाही रिकामी करत राहते. १०.८ आले ते त्यामुळे.

बारा सेलचे आकडे, वहीच्या पानांचे फोटो आणि बॅटरीवरचा तारखेचा शिक्का विक्रेत्याला पाठवला. पुन्हा नकार आला, तेव्हा मी बॅटरी त्यांच्याच माणसासमोर मोजायची तयारी दाखवली. त्यांनी मोजली आणि बदलून दिली.

उरलेलीची भीती होती, कारण तीही खोलवर उतरली होती. ५ अँपिअरचा लोड लावला. १०.५ व्होल्टवर, म्हणजे पूर्ण रिकामं व्हायला, तिनं सतरा तास घेतले, म्हणजे ८५ अँपिअर-अवर. चालण्यासारखी होती. नवी-जुनी एकत्र जोडायला मी नाखूशच असतो, तरी चांगली बॅटरी फेकवेना. महिन्यातून एकदा दोन्ही सुट्या करून मोजा, असं बाईंना सांगितलं. त्यांनी वहीत लगेच दोन रकाने आखले.