‘तुझं तू पाहा’

पवित्र सप्ताहातला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला, गुरुवार पाळकाला कधीच पुरत नाही. संध्याकाळी प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी), दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवारची उपासना, आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर कोण कोण बोलणार याची यादी अजून अर्धवट. अशा सकाळी पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या चर्चच्या ऑफिसात मंडळीतले एक निवृत्त गृहस्थ आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “पाळकसाहेब, यहूदानं नाही म्हटलं असतं, तर चाललं असतं का?”

यहूदा म्हणजे येशूला पैशांसाठी धरून देणारा त्याचाच शिष्य. बायबलवर्गात हा प्रश्न दरवर्षी निघतो, बहुतेक वेळा वाद घालायला. काकांच्या चेहऱ्यावर वाद नव्हता. मी दार लोटून घेतलं.

ते पिंपरीच्या एका कारखान्यात होते. संपाची तयारी चालली होती, बैठका लपूनछपून व्हायच्या. पुढाकार कोणाचा आहे, ती नावं काकांनी वरच्या साहेबाला नेऊन दिली. त्यांना सुपरवायझरची जागा मिळाली. यादीतल्या पहिल्या माणसाला घरी बसवलं. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायचे, आणि डबा बहुधा त्या मित्राच्या घरचा असायचा. “एक्केचाळिसावं स्तोत्र मला वाचवत नाही,” काका म्हणाले. माझी भाकर खाणाऱ्यानंच माझ्यावर लाथ उगारली, असं दावीद राजा बायबलमधल्या त्या स्तोत्रात म्हणतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू तीच ओळ यहूदाबद्दल काढतो.

पूर्वी त्यांनी हे एका उपदेशकाला सांगितलं होतं. देवाच्या इच्छेवाचून काही होत नाही, ते घडायचंच होतं, आता विसरून जा, असं उत्तर मिळालं. विसरणं जमलं नाही. उलट त्या उत्तरानंच नवी भीती घातली: आपण यहूदासारखे आधीच नेमलेले असू, तर क्षमा आपल्या वाट्याला नाहीच.

त्या उपदेशकाचा मला राग आला. अजून गेलेला नाही.

देवानं सगळं आधीच ठरवलेलं असतं का, हा पूर्वनियोजनाचा प्रश्न ऑगस्टिन आणि कॅल्विन या ख्रिस्ती विचारवंतांपैकी कुणाला सुटला, यात मी शिरलो नाही. लूक 22:22 उघडून काकांनाच वाचायला दिलं. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, ठरल्याप्रमाणे जातो, आणि त्याच वचनात, ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याची केवढी दुर्दशा! देवाचं ठरलेलं आहे, आणि माणसाची जबाबदारीही पुरती आहे. पुढं पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्रही दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. जुन्या करारातला, भावांनीच विकलेला योसेफही त्या भावांना म्हणतो, तुम्ही वाईट योजलंत, देवानं त्यातून भलं योजलं. मात्र हे म्हणतो कोण? जो विकला गेला तो. विकणाऱ्या भावांना ते म्हणायचा हक्क नव्हता, आणि त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणालाही नाही.

मग मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय. यहूदाला पस्तावा झाला, ती 30 चांदीची नाणी घेऊन तो मुख्य याजकांकडे परत गेला. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. कबुलीत काही कमी नाही. आणि तो गेला होता योग्य दारी. लोकांचं पाप घेऊन देवापुढं उभं राहायचं, हेच याजकांचं काम. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू पाहा. नाणी मंदिरात फेकून तो निघून गेला आणि त्यानं जीव दिला.

पेत्रानंही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं होतं. त्याला पुढं तिबिर्याच्या किनाऱ्यावर, कोळशाच्या विस्तवापाशी, येशूनं तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? दोघांच्या पापांतलं अंतर लोक समजतात तेवढं मोठं आहे असं मला वाटत नाही. दोघांना भेटलेली माणसं वेगळी होती. ‘घडायचंच होतं, विसरून जा’ हे मुख्य याजकांचंच उत्तर आहे, फक्त आवाज मऊ.

“मित्र कुठं राहतो?” मी विचारलं.

“दापोडीला.”

उपदेशाचे कागद तसेच ठेवून मी स्कूटर काढली.

बौद्ध घर होतं. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. इथं आपलं शास्त्र उघडायचं नाही, एवढं मी वाटेतच ठरवलं होतं. काकांनी सगळं सांगितलं, नावं कुणाला दिली, बदल्यात काय मिळालं तेसुद्धा. ‘घडायचं होतं’ हे शब्द त्यात आले नाहीत. शेवटी म्हणाले, “त्या पगाराचे पैसे मी कुणाला परत करू?”

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नोकरी माझी गेली. माझं मी बघेन. पण त्या वर्षी हिला नर्सिंगला घालायचं होतं. फी भरता आली नाही. तिला विचार.”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता ती एका दुकानात हिशेब लिहिते. “काका,” ती म्हणाली, “मला हे आजच कळतंय. आज मला काही म्हणता येणार नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळा क्षमा करावी याला येशूनं दिलेलं उत्तर, ‘सत्तर वेळा सात’, पाळकानं अशा वेळी म्हणावं अशी अपेक्षा असते. पण किती वेळा क्षमा करू, हे पेत्रानं स्वतःच विचारलं होतं. अपराध्याबरोबर आलेल्या माणसानं ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडून क्षमा वसूल करावी, असं तिथं लिहिलेलं नाही. मी एवढंच म्हणालो, “ताई, तुमच्यावर कसलीच सक्ती नाही.”

परतताना हॅरिस पुलावर काकांनी मागून विचारलं, “मग आज प्रभुभोजन घेऊ की नको?” आधी भावाशी समेट कर, मग अर्पण वाहा, या वचनापायी कित्येक वर्षं ते प्रभुभोजनाच्या मेजाशी आलेच नव्हते. मी त्यांना सांगितलं, लूकच्या शुभवर्तमानात भाकर आणि प्याला देऊन झाल्यावर येशू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. तुम्ही तर आज जाऊन आलात. या.

संध्याकाळी ते आले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडिलांना (एल्डरना) हे पटलं नाही. समेट झालेला नसताना भाकर कशी दिली, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या प्रश्नाचा मी मान राखतो, आणि तरी पुन्हा तसंच करेन.

मंगळवारी मुलीला सुट्टी असते. त्या दिवशी या, पैशाचं काय करायचं ते तेव्हा बोलू, असा तिनं काकांना निरोप दिला आहे. मी बरोबर येऊ नये, असं काकांनीच मला सांगितलं.