फणसाचे ठोकळे: अखेर काप सरळ उतरला

अखेर जमलं! काल चेनसॉने कापलेला फणसाचा बसायचा ठोकळा सोप्यावर उभा केला, वर लेव्हल ठेवली, तर बुडबुडा बरोब्बर मधोमध. वर बसून हललो, डुललो; जरासुद्धा डगमग नाही.

गोव्यात डिचोलीच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पावसात आडवा झालेला तोच फणस. ओंडक्यातला जुना खिळा करवतीच्या दातेरी चेनला लागल्यापासून काप उजवीकडे पळत होता, हे मागे लिहिलंच आहे. वर अगदी रेघेवर, खाली पोचेपर्यंत बोटभर फरक. हात कितीही घट्ट धरा, बार (जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी) अर्धा आत गेला की तो आपल्याच वाटेने जाणार. खिळ्याने डावे दात खाल्ले होते. त्यांना धार लावली, तरी ओढ तशीच. मग दातांची लांबी मोजायला व्हर्नियर लावला: घासून घासून डावे आखूड, उजवे लांब. चेन लांब दातांच्या बाजूला ओढते. म्हणून सगळ्यात आखूड दात हुडकून बाकीचे त्याच्या मापाला आणले. माझी चेन .३२५ इंच मापाची, त्यामुळे गोल कानस ४.८ मिमीची, कोन ३० अंश. रेकरही (दातांपुढचे, कापाची खोली ठरवणारे उंचवटे) दातांच्या टोकांपेक्षा ०.६५ मिमी खाली उतरवले. (बिननावाची स्वस्त कानस घेऊ नका, ती दातांआधी स्वतःच गुळगुळीत होते. कोनाच्या रेघा असलेला होल्डर मात्र घ्याच.)

ओढ कमी झाली, पण गेली नाही. चेन काढून बार काचेवर उभा केला, तर तो एका अंगाला कलला! एका बाजूची कड जास्त झिजलेली. चपटी कानस लाकडाला काटकोनात बांधून दोन्ही कडा सारख्या केल्या, आणि तिथेच प्रश्न सुटला. यापुढे दर वेळी बार उलटून लावणार.

आखणीला सिमेंटच्या पिशवीची रुंद पट्टी ओंडक्याभोवती गुंडाळतो. कडेवर कड जुळली की खडूची रेघ काटकोनातच येते. फणसाचा चीक चेनवर साचतो, तो डिझेलच्या फडक्याने निघतो.

सगळी आसनं १८ इंची करायची होती. पण पहिल्या ठोकळ्याला आताच बारीक भेगा दिसताहेत. लाकूड त्रिज्येपेक्षा परिघाच्या दिशेने जास्त आकसतं, फाटणारच. लिहिता लिहिता सुचतंय, गाभ्यापर्यंत एक चीर आपणच देऊन ती बाजू भिंतीकडे केली तर? आणि उरलेल्या लांब ओंडक्याचे ठोकळे न पाडता तो उभा फाडून बाक करावा. त्यासाठी उभ्या कापाची, १० अंशांची चेन लागेल. कुणी फणसावर वापरली असेल तर सांगा, तोवर दोन्ही तोंडांना मेण लावून ठेवतो.